बांधाला भाऊबंद नको

मालकीणबाईंना माणसाचं नाव लक्षात राहत नसे, जिल्हा लक्षात राहत असे. मी त्यांच्या खोलीत अकरा वर्षं राहिले आणि अकरा वर्षं त्यांनी मला "ए लातूर" अशीच हाक मारली. माझा नवरा म्हणजे "लातूरचा पावना". शेजारच्या खोलीतला वेल्डर "जळगाव", आणि माडीवर राहणारी कॉम्प्युटर कंपनीतली मुलगी "नागपूर". सकाळी नळाला पाणी आलं की त्या अंगणात उभ्या राहून पुकारायच्या, "नागपूर, तुजी बादली भरली. जळगाव, तुजी बारी." नवीन भाडेकरूला वाटायचं आपण स्टेशनावरच उतरलोय.

मारुंजीत त्यांची चौदा खोल्यांची चाळ. समोर हिंजवडीच्या कंपन्यांच्या काचा, मागे त्यांच्या म्हशीचा गोठा, आणि मधे आम्ही. बाई बुटक्या, काटक, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. पायात चप्पल कधी नाही. "पायाला कळू दे कुटं उभी हाय ते," म्हणायच्या. खोली दाखवताना त्या नव्या माणसाला आत उभा करून तांब्याभर पाणी फरशीवर ओतायच्या. "बग, पानी मोरीकडं जातंय. उद्या म्हनू नको फसवलं." दुसऱ्याची जागा बघायला गेल्या तरी पिशवीत तांब्या असायचाच. पाणी ओतायचं, ते कुठे जातं ते बघायचं, भिंतीवर बोटाने ठोकायचं, आणि मग आजूबाजूच्या बायकांकडे चौकशी करायची. विकणाऱ्याला मात्र काही विचारायचं नाही. "त्यो काय सांगनार? त्यो तर इकायलाच बसलाय."

मी तेव्हा चाळीतल्या पोरांना डबे करून द्यायची. मला चौथीपर्यंत शाळा. चारचौघांत मला बोलता येत नाही, आजही येत नाही. पण बाईंचे सगळे कागद वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. खरं तर नागपूर माझ्यापेक्षा कितीतरी शिकलेली. पण बाई म्हणायच्या, "ती वाचती का बस पकडती? लातूर सावकाश वाचती. मला सावकाश वाचनारं मानूस पायजे." मी एक वाक्य वाचलं की त्या हात वर करायच्या. अर्थ सांगायचा. तो मला सांगता आला नाही तर कागद घडी करून डब्यात जायचा आणि सही व्हायची नाही. लाइटबिलावर सही लागत नाही हे बरं, नाहीतर चाळ अंधारात राहिली असती.

"सही करायची ती पोटभर जेवून." हे त्यांचं आणखी एक. बँकेचा एक मुलगा दरवर्षी कसला तरी फॉर्म घेऊन यायचा. पहिल्या वर्षी तो सकाळी आला, तर त्याला जेवणाच्या वेळेपर्यंत ओट्यावर बसवलं. बाई जेवल्या, त्यालाही वाढलं, आणि मग सही. पुढच्या वर्षीपासून तो बरोबर एक वाजता यायला लागला. वाटाण्याची उसळ आहे का असंही विचारायचा.

यामागचं कारण त्यांनी मला एकदा मेथी निवडताना सांगितलं. "बाप वारला. तेरावा व्हायच्या आदीच भावांनी गाडीत घातलं आन तालुक्याला नेलं. पोटात आन्न न्हाई, डोळ्याला दिसत न्हाई. त्यांनी बोट ठेवलं तितं सही केली. घरी आल्यावर कळलं, बापाच्या जिमिनीतला माजा हिस्सा मी भावांना सोडून दिलाय. हक्कसोड म्हनत्यात त्याला. मला कुनी इचारलंच न्हाई, सोडतीस का म्हनून. इचारलं असतं तर दिलाच असता." मग त्या पुढची जुडी सोडायला लागल्या.

आम्ही सगळे त्यांना मालकीणबाई म्हणायचो, पण चाळीच्या एकाही कागदावर त्यांचं नाव नव्हतं. जागा दिरांच्या नावावर, मीटर पुतण्याच्या नावावर, म्हैस तेवढी त्यांची. मालक तरुणपणीच गेले. मूलबाळ नाही. उरलेल्या शेताचा बांध दिरांच्या शेताला लागून, आणि तो बांध दरवर्षी वीतभर बाईंच्या बाजूला सरकायचा. त्या पहाटे जाऊन पावलं मोजायच्या. एक पाऊल कमी भरलं की घरी येऊन पुतण्याला ऐकवायच्या, "बांधाला पाय फुटल्यात वाटतं." तो म्हणायचा, "काकी, तुजंच पाऊल मोठं झालं आसंल." बाईंचं मत पक्कं झालं होतं. "बांधाला साप परवडला, भाऊबंद नको."

मग नव्या रस्त्यात आणि मोठ्या इमारतीत ती जमीन गेली. शेताच्या कागदावर मात्र मालकांची वारस म्हणून बाईंचं नाव लागलेलं होतं, त्यामुळे त्यांचा हिस्सा सरळ त्यांच्या खात्यात आला. पुतण्याच्या हे लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. तो आपली पांढरी गाडी घेऊन आला, गोठ्यापाशी हॉर्न वाजवला.

"काकी, पिंपळे सौदागरला फ्लॅट घे. मी बगून ठेवलाय. लिफ्ट हाय, बाग हाय."

"शेजारी कोन?"

"आपलीच मानसं. यकीकडं मी, यकीकडं धाकला. तुला यकटं वाटायला नको."

"आन कागदावर?"

"तुजंच नाव की. जोडीला फकस्त माजं टाकू. उद्या तुला काय झालं तर?"

"उद्या मला काय झालं तर माजं समदं घ्यायला तू हायसच की बाबा. आजच कशाला तरास घेतोस?"

तेव्हापासून बाईंचा ध्यास सुरू झाला. आपल्या एकटीच्या नावाची जागा हवी, आणि तिच्या चारी बाजूंना आपला एकही भाऊबंद नको. आधी तळेगावकडे बघितलं, तर पलीकडचा प्लॉट चुलत दिराचा निघाला. मग कोकणात गेल्या. मी बरोबर होते. समुद्र त्यांनी पहिल्यांदा तिथेच पाहिला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "ह्याला कुनी बांध घालू शकत न्हाई." जागा पसंत पडली, पाणी ओतून झालं. शेजारच्या काजूच्या वाडीला तारेचं कुंपण होतं आणि त्यावर पाटी. बाई म्हणाल्या, "लातूर, वाच." मी वाचलं. पुतण्याचं नाव होतं, खाली त्याचा गाडीजवळ उभा राहिलेला फोटो. बाईंनी तांब्या पिशवीत घातला आणि परतीच्या एसटीत घाटमाथा येईपर्यंत डोळे मिटून बसल्या. मग म्हणाल्या, "अजून लांब जावं लागनार."

लांब म्हणजे किती लांब, ते नागपूरमुळे ठरलं. तिच्या कंपनीचं काम फ्रान्स देशाशी चालायचं, ती तिथली भाषा शिकली होती, सहा महिने राहूनही आली होती. तिच्या कॉम्प्युटरवर एक चित्र असायचं. समुद्रकाठचं जुनं बंदर, मधे बोटी, आणि पाण्याभोवती उंच, अरुंद, एकमेकांना चिकटून उभी असलेली घरं. बाई भाडं घ्यायला माडीवर गेल्या आणि त्या चित्रासमोर थांबल्या.

"हे खरं गाव हाय?"

"हो काकू. फार जुनं बंदर आहे. पूर्वी इथून जहाजं अर्ध्या जगात जायची."

"ह्या खिडकीला फळी लटकलीय. काय लिवलंय?"

नागपूरने चित्र मोठं केलं आणि हसली. "विकणे आहे."

"तितं आमच्यातलं कुनी हाय?"

"काकू, तिथे महाराष्ट्रातलंच कुणी नसेल."

"मग इचार त्यांना."

नागपूरला ती थट्टा वाटली. बाईंनी तिचं त्या महिन्याचं भाडं परत तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "हे तुज्या इचारन्याचं." चित्रातलं घर केव्हाच विकलं गेलं होतं. पण त्याच गावात, बंदराच्या मागच्या गल्लीत एक घर बरीच वर्षं रिकामं पडलं होतं आणि कुणी घेत नव्हतं. बँकेतल्या साहेबांनी सांगितलं, परदेशात घर घेता येतं, वर्षाला ठरावीक रक्कम नेता येते. हे घर त्यात बसत होतं. पिंपळे सौदागरच्या फ्लॅटपेक्षा ते काही फार महाग नव्हतं, हे ऐकून जळगाव दिवसभर तेच सगळ्यांना सांगत फिरला.

गावात हसायला लागले. पारावर कुणीतरी विचारायचं, "काकी, तितं भात लावनार का ज्वारी?" पुतण्या म्हणाला, "काकीला याड लागलंय, डाक्टरला दाखवा." बाई म्हणाल्या, "दाखव की. पर आपल्यातला नको, लांबचा बग."

त्या गावाचं नाव नागपूरने आम्हाला पुष्कळदा म्हणून दाखवलं. आम्हा दोघींना ते एकदाही जमलं नाही. बाईंनी त्याला नुसतं 'बंदर' नाव दिलं आणि तेच राहिलं.

न बघता सही करणं शक्यच नव्हतं. म्हणून आम्ही तिघी गेलो. नागपूर बोलायला, मी वाचायला. नागपूर फ्रेंच कागदाचं मराठी करून वहीत लिहायची आणि मी बाईंना सावकाश वाचून दाखवायची, असं ठरलं होतं. माझा पासपोर्ट निघाला तेव्हा माझ्या नवऱ्याने सेकंड शिफ्टला जाऊन सगळ्यांना पेढे दिले. विमानाबद्दल मी काही लिहीत नाही, मी डोळे उघडलेच नाहीत.

बंदरात थंडी होती. दगडी रस्त्यावर बाई अनवाणी चालत होत्या. घर दाखवणारी एजंट बाई आधी त्यांच्या पायांकडे आणि मग स्वतःच्या बुटांकडे बघत होती. घर तीन मजली, आणि रुंदीला आमच्या दोन खोल्यांएवढं. आत बंद घराचा, जुन्या लाकडाचा वास. बाईंनी पिशवीतून तांब्या काढला आणि पाणी ओतलं. पाणी थोडं पसरलं आणि मागच्या दाराकडे निघालं. "चांगलं हाय," बाई म्हणाल्या. "घर सरळ हाय. मागं काय हाय?"

एजंट बाई घाईने जिना दाखवायला लागली. बाईंनी मागचं दार उघडलं.

मागे छोटं अंगण होतं. अंगणात दगडी हौद, कपडे धुवायचा. आणि अंगणाच्या बरोबर मधून, त्या हौदाच्याही मधून, विटांची भिंत उठवलेली. अर्धा हौद इकडे, अर्धा तिकडे.

बाई भिंतीकडे बघत राहिल्या. मग खाली पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. एजंट बाईला वाटलं म्हातारीला काहीतरी झालं.

"नागपूर, तिला इचार. ह्या बाजूच्या घरात यक भाऊ ऱ्हातो आन त्या बाजूच्या घरात दुसरा. व्हय का न्हाई?"

नागपूरने विचारलं. एजंट बाईचा चेहरा उतरला. "हो म्हणतेय. पण काकू, तुम्हाला कसं कळलं?"

"आगं, हौदातनं भिंत फकस्त सख्खे भाऊच घालत्यात. परका मानूस हौद सोडून घालील."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मधलं घर त्यांच्या आईचं. आई गेल्यावर ते दोन भाऊ आणि एक बहीण अशा तिघांचं झालं. दोघा भावांनी आईचं अंगण आपापसात वाटून मधे भिंत घातली. कागदावर मात्र अंगण अखंड, घराबरोबर विकायचं. म्हणजे भिंत पाडल्याशिवाय विक्री नाही. दोघेही विकायला तयार होते. पण भिंत दुसऱ्याने पाडावी, असं प्रत्येकाचं म्हणणं. गेली कित्येक वर्षं ते एकमेकांशी बोलले नव्हते.

नागपूर रडवेली झाली. म्हणाली, "काकू, आपण दुसरं बघू. तुम्ही ज्याच्यापासून पळालात तेच इथे आहे."

"न्हाई गं. आता हेच घ्यायचं."

"का?"

"हे भांडान माजं न्हाई. जलमभर माजीच भांडनं भांडले, म्हनून सुटली न्हाईत. दुसऱ्याचं मला सोडवता येतं." मग त्या उठल्या. "बहीन कुटं हाय?"

बहीण दूरच्या शहरात राहत होती. तिने सहीचे अधिकार धाकट्या भावाला लिहून दिले होते.

"तिला बोलवा. ती आल्याबिगर मी बोलनार न्हाई."

"काकू, तिची सही आहे. कायद्याने तेवढं पुरतं."

"सही माजीबी व्हती," बाई म्हणाल्या.

नागपूरने पुन्हा कायदा काढला नाही, निरोप एजंट बाईला सांगितला. हक्कसोडीची गोष्ट तिला मी विमानतळावर सांगितली होती. एजंट बाईने पुष्कळ विरोध केला. धाकट्या भावाने निरोप पाठवला की बहिणीला त्रास देण्याची गरज नाही. बाईंनी उलट निरोप पाठवला की तरास तिला हाय का तुला, ते ती सांगंल. आम्ही लॉजवर दोन दिवस थांबलो. बाई सकाळ-संध्याकाळ बंदरावर जाऊन समुद्राचं पाणी किती आत आलं आणि किती बाहेर गेलं ते पावलांनी मोजायच्या. "ह्याचा बांध रोज सरकतो," म्हणायच्या, "पर रोज माघारी बी येतो."

तिसऱ्या दिवशी बहीण आली. बाईंच्याच वयाची, पांढरे केस कापलेले, हातात छोटी बॅग. दारासमोर येऊन थांबली. दोन्ही भाऊ आपापल्या दारात उभे, मधे ही. किल्ली एजंट बाईकडे होती. बाईंनी ती मागून घेतली आणि बहिणीच्या हातावर ठेवली.

"तू उगड. तुज्या आईचं हाय."

नागपूरने सांगितलं. बहिणीने बाईंकडे बघितलं, किल्ली फिरवली आणि आत गेली. आम्ही मागे. भाऊही आले, एकमेकांना धक्का लागणार नाही इतक्या अंतराने. ती सरळ मागच्या दाराकडे गेली. अंगण उघडलं आणि तिला भिंत दिसली. तिला त्या भिंतीचं कुणी सांगितलंच नव्हतं.

तिने हौदाच्या काठावर हात ठेवला. हात भिंतीपर्यंत जाऊन थांबला. ती एवढंच म्हणाली, "आईच्या हौदात?" दोघे भाऊ जमिनीकडे बघायला लागले.

बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या. नागपूरला म्हणाल्या, "नीट सांग, यकबी शबूद गाळू नको. तिला इचार, तुला हे घर इकायचं हाय का? भावांचं ऱ्हाऊ दे. तुला? न्हाई म्हनलीस तर मी आत्ता माघारी जाते, माजा राग न्हाई."

नागपूर क्षणभर थांबली. एवढ्या लांबून आलो होतो. बाईंच्या पायांना थंडीने भेगा पडल्या होत्या. आम्ही परत गेल्यावर पुतण्या काय म्हणेल ते आम्हाला पाठ होतं. मी देवाचं नाव घ्यायला लागले. नागपूरने विचारलं.

बहिणीने हौदाच्या काठावरचा हात काढून घेतला. मग बोलली, आणि नागपूरने आम्हाला सांगितलं, "म्हणतेय, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. म्हणतेय, विकायचं. या बाईला विकायचं. पण ही भिंत असताना मी सही करणार नाही. दिलेले अधिकारही परत घेते."

आता धाकटा म्हणाला, मी कशी पाडू, विटा त्याने आणल्या. थोरला म्हणाला, आणायला सांगितलं याने. दोघे बोलत होते एजंट बाईशी, एकमेकांशी नाही. बाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं. भाषा कळत नव्हती, पण भांडण त्यांना शब्द न् शब्द कळत होतं. मग त्या थोरल्याकडे वळल्या.

"वडील तुमी. पयली वीट तुमी काडा."

थोरल्याने हात उडवले. मीच का?

"नका काडू. मग धाकला काडंल. आन गाव म्हनंल, वयानं ल्हान पर मनानं मोटा निगाला. थोरला निस्ता दिसायला थोरला."

नागपूरने हे कसं सांगितलं कोण जाणे, पण थोरल्याचे कान लाल झाले. तो काही न बोलता आपल्या घरात गेला आणि हातोडा घेऊन आला. धाकट्याने ते बघितलं. हाही तडक आपल्या घरात गेला आणि त्याच्याहून मोठा हातोडा घेऊन आला. दोघे दोन बाजूंनी सुरू झाले. बाई पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "लातूर, आता कुनी मधी बोलू नका. भाऊ ईर्षेनं काम करायला लागले की डोंगर फोडत्यात." जेवणाच्या वेळेआधी भिंत पडली. हौद मोकळा झाला, तेव्हा बहिणीने बाही वर करून त्यातले विटांचे तुकडे वेचले. शेवटची वीट थोरल्याने उचलली आणि कुठे ठेवावी हे न कळून धाकट्याच्या हातात दिली. धाकट्याने ती घेतली.

आपल्याकडे जसं आधी साठेखत आणि मग खरेदीखत, तसंच तिथेही दोन टप्पे असतात. बाईंना हे फार आवडलं. साठेखत तेव्हा झालं, आणि चार महिन्यांनी खरेदीला आम्ही तिघी पुन्हा गेलो. तिथे हे काम करणारा सरकारमान्य नोटरी असतो. कचेरीबाहेर टेबल टाकून शिक्के मारणारा नव्हे. मोठी खोली, गालिचा, आणि तो सगळा कागद स्वतः मोठ्याने वाचतो. बाई म्हणाल्या, "ह्यो मानूस मला पटला." मधेच बारा वाजले. बाईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, सही जेवून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नागपूरने सांगितल्यावर नोटरी लगेच उठला आणि भावाबहिणींनी कोट घातले. जेवणाची वेळ त्या लोकांमध्ये आपल्याहून कडक पाळतात. दोन तासांनी सगळे परत आले, सगळे पोटभर.

मग नोटरी घेणाऱ्याचं नाव वाचायला लागला. एक नाव वाचलं, आणि बाईंचा हात पुन्हा वर गेला.

"कुनाचं नाव वाचलं त्यानं?"

"तुमचंच काकू."

"हे माजं न्हाई. म्हंजी हाय, पर माहेरचं हाय. बापाचं आडनाव हाय."

नागपूरने विचारून सांगितलं. त्या देशात बाईचं जन्माचं नाव कागदावर आधी लागतं, लग्न झालं तरी तेच. नवरा नंतर एका ओळीत येतो. बाईंच्या शाळेचा दाखला त्यांनी यासाठीच मागवला होता. आम्ही तो कशाला हवा म्हणून न विचारता पाठवला होता.

बाई खुर्चीत सरळ झाल्या. ज्या नावाने त्यांनी हिस्सा सोडला होता, ते हेच. त्यानंतर त्या नावाने त्यांना कुणी हाक मारली नव्हती.

"परत वाचायला सांग," त्या म्हणाल्या.

त्याने परत वाचलं. त्याचे उच्चार वाकडे होते, पण नाव पुरं होतं.

"अजून यकदा. सावकाश."

तिसऱ्यांदा त्याने एकेक अक्षर सुटं करून वाचलं. नागपूरची वही माझ्यासमोर होती, मीही त्यात बोट ठेवून बघितलं. एकटीचं नाव. जोडीला कुणी नाही.

"हां," बाई म्हणाल्या. "ही घेनार."

सही कॉम्प्युटरच्या छोट्या काचेवर करायची होती, कागद नाही, शाई नाही. बाईंनी काच दोनदा पुसली, पदर खोचला आणि नाव काढलं. दुसरीपर्यंत शिकलेलं अक्षर, पण एकही काना चुकला नाही.

आता आम्ही चाकणला राहतो, नवऱ्याची कंपनी तिकडे गेली. बाई दरवर्षी तीन महिने बंदरात असतात, तेवढीच परवानगी मिळते. पुतण्या पारावर लोकांना सांगतो, "आमचं फ्रान्सात बी घर हाय." बाई त्याला दुरुस्त करत नाहीत. म्हणतात, त्येला सांगू दे, कागदाला खरं ठावं हाय.

पण मला आठवतो तो खरेदीचा दिवस. नोटरीकडून सगळे चालत घरापाशी आलो, दोघे भाऊ, बहीण, नागपूर आणि मी. बाईंनी दार उघडलं आणि उंबऱ्यात वळल्या. "समद्यांनी भाईर थांबा." आत गेल्या आणि आतून कडी लावली.

आम्ही गल्लीत उभे. अनवाणी पावलांचा आवाज येत नव्हता, पण खिडक्यांचा येत होता. आधी पहिल्या मजल्याची उघडली. मग दुसऱ्या. मग सगळ्यात वरची, आणि बाईंचं डोकं बाहेर आलं. त्यांनी आधी छपरांवरून समुद्राकडे बघितलं, अगदी सावकाश, जणू वाचत होत्या. मग खाली.

थोरल्याने सवयीने दाराला हात घातला. आईचं घर, त्याने जन्मात ते वाजवलं नसेल.

"हां हां," वरून आवाज आला. "वाजवा."

नागपूरने सांगितलं. थोरल्याने हात मागे घेतला, आणि बोटाने दोनदा वाजवलं.

"कोन हाय?" बाईंनी विचारलं. आम्ही सगळे त्यांना स्वच्छ दिसत होतो.

थोरल्याने टोपी काढून आपलं पूर्ण नाव सांगितलं. मग धाकट्याने. मग बहिणीने, हसू दाबत. बाईंनी तिघांचं ऐकून घेतलं.

"थांबा. इचार करते."

खिडकी मिटली. आम्ही थांबलो. बऱ्याच वेळाने कडी सरकली, दार उघडलं. बाई उंबऱ्यात उभ्या होत्या, दोन्ही हात चौकटीच्या दोन बाजूंना ठेवून.

"पयली बहीन," त्या म्हणाल्या, आणि दोघे भाऊ बाजूला झाले.